बर्फातला उन्हाळा

गेल्या दिवाळी अंकात याच पानावर मी आमच्या माळ्यावरच्या पितळी भांड्यांची कैफियत मांडली होती. त्यानंतर आलेल्या पत्रांत एका वाचक भगिनीने विचारले, “तुमचे सगळे अनुभव ठाण्याच्या हद्दीतच कसे काय घडतात?” प्रश्न रास्त होता आणि म्हणूनच जरा झोंबला. तेव्हा यंदा हद्द ओलांडतो. थेट जर्मनीला जातो. पण परदेशच्या बर्फाची वर्णने वाचायला मिळतील या आशेने कुणी हे पान उघडले असेल, तर त्यांची आधीच क्षमा मागतो. मी जर्मनीतल्या उकाड्याबद्दल लिहिणार आहे, आणि तोही ऐन जानेवारीतल्या.

आमचा निखिल बर्लिनला असतो. तो, सून मृणाल आणि पाच वर्षांची नात ईरा. २०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघे तिकडे गेलो. भर थंडीत जायला आम्हांला काही वेड लागले नव्हते. कारण होते. मार्चमध्ये निखिल तिथे घर विकत घेणार होता. कर्जाच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. माणूस नोकरीसाठी परदेशी राहतो तोवर तो परतण्याची आशा असते. तिथे घर घेतले की संपले. तेव्हा सह्या होण्याआधी समोर बसून, शांतपणे, “आता पुरे झाले, परत या,” असे सांगायचे, हा आम्हां दोघांचा गुप्त ठराव होता. फक्त योग्य वेळ साधायची होती.

तीन आठवडे गेले, पण योग्य वेळ काही येईना. वेळ यायला दिवस तरी हवा ना! बर्लिनला जानेवारीत सकाळी आठनंतर उजाडते आणि साडेचारच्या आत अंधार पडतो. मधल्या वेळात जे काही असते त्याला दिवस म्हणणे म्हणजे तिसऱ्यांदा गाळलेल्या चहाला चहा म्हणण्यासारखे आहे. आमची ही तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून खिडकीशी बसून असायची. एरवी जिचे बोलणे थांबवायला मला युक्त्या लढवाव्या लागतात, ती दिवसेंदिवस गप्प होत गेली. गुडघे धरले होते. आणि मनात आणखी एक गोष्ट होती, ती रात्री मला हळूच म्हणाली, “मृणाल चांगली आहे हो. सगळं वेळच्या वेळी करते, औषधं हातात आणून देते. पण थंड आहे. दोन शब्द जास्तीचे बोलत नाही.”

मी म्हटले, “इथल्या हवेचा परिणाम.”

“हवेचा असता, तर निखिलवरही झाला असता,” ही म्हणाली. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अशात एका शुक्रवारी रात्री जेवताना मृणालने जाहीर केले, “आई, उद्या आपण गरम जागी जायचं आहे. पातळ कपडे घ्या. सुती साडी घ्या. एक रात्र राहायचं आहे.” बाहेर खिडकीच्या कठड्यावर चार बोटे बर्फ साचले होते. आमच्या हिने माझ्याकडे पाहिले. सुनेच्या डोक्यावर तर काही परिणाम झाला नाही ना, असा तो कटाक्ष होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आगगाडीत बसलो. बर्लिनच्या दक्षिणेला तासाभराच्या वाटेवर ब्रांट नावाचे लहानसे स्टेशन आहे. ब्रांट या जर्मन शब्दाचा अर्थ आग. पाय गोठलेल्या माणसाला गावाचे हे नाव थट्टेचे वाटते. स्टेशनबाहेर बस उभी होती. दोन्ही बाजूंना पाइनची काळी झाडे, त्यांच्यावर बर्फ आणि मधून रस्ता. आणि मग ती वस्तू दिसली.

तिला इमारत म्हणवत नाही. सपाट पांढऱ्या माळावर कुणी अवाढव्य कासव उलटे करायचे विसरून गेले असावे, तशी एक रुपेरी पाठ तेवढी दिसते. लांबी ३६० मीटर, रुंदी २१० मीटर, उंची १०७ मीटर. आपल्या मुंबईच्या माणसाला कळेल असे सांगायचे, तर गेट वे ऑफ इंडिया एकावर एक असे चार रचले तरी त्याच्या छपराला लागणार नाहीत. आणि एवढ्या पसाऱ्यात मध्ये खांब एकही नाही. सगळा भार पोलादी कमानींवर.

या कासवाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९३८ साली हिटलरच्या हवाई दलाने या जागी विमानतळ बांधला. १९४५ साली तो रशियन फौजांच्या हाती गेला आणि पुढे जवळजवळ अर्धशतक तिथे सोव्हिएत विमाने उतरत राहिली. जर्मनी एक झाली, १९९२ साली रशियन निघून गेले आणि माळ ओस पडला. मग १९९६ मध्ये एक जर्मन कंपनी निघाली. तिचे स्वप्न मोठे होते. हेलियम वायूने भरलेले, २६० मीटर लांबीचे, १६० टन वजन उचलून नेणारे एक हवेत तरंगणारे जहाज तिला बांधायचे होते. जिथे रस्ते नाहीत, पूल नाहीत, तिथे अवजड यंत्रे अलगद नेऊन ठेवायची, अशी कल्पना. हजारो सामान्य माणसांनी तिचे भाग घेतले. जहाज ठेवायला आधी गोठा हवा, म्हणून २००० साली हा गोठा पुरा झाला. खर्च सुमारे ७ कोटी ८० लाख युरो. गोठा झाला, पण म्हैस काही आली नाही. २००२ साली कंपनीचे दिवाळे निघाले. ते जहाज कधी बांधलेच गेले नाही.

मग मलेशियातल्या एका कंपनीने २००३ साली हा रिकामा गोठा पावणेदोन कोटी युरोंना घेतला. जिथे बारमाही उकाडा असतो अशा देशातल्या माणसांना वाटले, की या गारठलेल्या लोकांना आपला उकाडा विकावा. त्यांनी आत वाळू आणली, तळी केली, पन्नास हजार झाडे लावली आणि २००४ च्या डिसेंबरात दरवाजे उघडले. नाव ठेवले ‘ट्रॉपिकल आयलंड्स’, म्हणजे उष्ण प्रदेशातली बेटे. आत राहायला खोल्या आहेत, झोपड्या आहेत, तंबूही आहेत. छपराखाली तंबू कशाला, असा आपला मराठमोळा प्रश्न मीही विचारला. निखिल म्हणाला, “बाबा, सुट्टी आहे असं वाटायला.”

दारातून आत गेल्यावर हातात एक पट्टा बांधतात. कपाटाचे कुलूप त्यानेच उघडते, खाणेपिणे त्याच्यावरच मांडले जाते आणि हिशेब निघताना होतो. म्हणजे आपल्या वाण्याकडची उधारीची वही मनगटावर बांधून फिरायचे. मध्यमवर्गीय माणसाला ही सोय नसून शिक्षा आहे. दर तासाला मी मनातल्या मनात आकडेमोड करीत होतो.

पण आत पाऊल टाकले आणि पहिल्यांदा नाकाला कळले. ओलसर माती, पाने आणि गरम हवा यांचा तो वास! पावसाळ्यानंतर घाट उतरून कोकणात शिरताना मोटारीची काच खाली केल्यावर येतो ना, त्याच्या नात्यातला. बाहेर उणे तीन, आत सव्वीस. आमच्या हिने कानटोपी काढली. मग शाल काढली. एक स्वेटर काढला, दुसरा काढला. तीन आठवड्यांनी मला माझी बायको दिसली.

आमच्या हिचे माहेर गुहागरचे. घराला लागून नारळी-पोफळीची वाडी, पलीकडे समुद्र. त्यामुळे झाडांची परीक्षा तिने ताबडतोब हाती घेतली. केळी पास झाली. आळूसारख्या पानांना तिने हात लावून पाहिला. एका उंच झाडाशी थांबून म्हणाली, “हा माड नव्हे. माडाचा भाऊबंद आहे.” तिथे सुमारे सहाशे जातींची झाडे आहेत असे सांगतात, तिने पाचसहाशेंपैकी साठेक तरी तपासली असतील. मधून वाट जाते, बाजूला बोर्निओतल्या लांबट घरांचा, थायलंडमधल्या आणि बालीतल्या घरांचा नमुना उभारलेला. मग वाळूचा दोनशे मीटर किनारा आणि ‘समुद्र’. त्याचे पाणी अठ्ठावीस अंश, खोली छातीपर्यंत. आणि समुद्राच्या पलीकडे क्षितिज. निळे आकाश, पांढरे ढग, सगळे एका प्रचंड पडद्यावर रंगवलेले. ढग हलत नाहीत. झाडांच्या झावळ्याही हलत नव्हत्या.

हे पाहून हसू येणे साहजिक आहे, पण हा नाद जर्मन लोकांना आजचा नाही. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने दीडशे वर्षांपूर्वी म्यूनिकच्या राजवाड्याच्या छतावर लोखंड आणि काचेचे एक उद्यान बांधले होते. आत ताडमाड, तळे, तळ्यात होडी आणि मागे रंगवलेला पडदा. कशाचा, तर आपल्या हिमालयाचा! राजा ताडाखाली बसून हिमालय पाही, आणि खालच्या खोल्यांत त्याच्या तळ्याचे पाणी गळे. तेव्हा ज्या सुखासाठी राजा व्हावे लागे, ते आता तिकीट काढून मिळते, एवढाच काय तो फरक.

आणि आपण तरी काय करतो? मे महिन्यात महाबळेश्वरला जाऊन स्वेटर विकत घेणारे आपणच. आपल्या शहरांत मॉलमध्ये खोट्या बर्फाची घरे निघाली आहेत. तिथे भाड्याचा कोट घालून, कुडकुडत, पैसे देऊन आपली मुले घसरतात. मी वाळूत आरामखुर्चीवर पडून पाहत होतो. आजूबाजूला जर्मन आजोबा माझ्यासारखेच बनियन आणि अर्ध्या चड्डीत पसरले होते. चेहऱ्यावर केवढे समाधान! ज्या घामाला आपण चैत्र-वैशाखात शिव्या देतो, तो यायला लागला म्हणून ही माणसे खूश होती.

ईरा आजीचा हात धरून पाण्याच्या कडेने फिरत होती. आजी अनवाणी, साडी जरा वर खोचलेली. ती सांगत होती, की गुहागरला घराच्या मागेच असा समुद्र आहे, अशीच वाळू आहे, फक्त तिथे कावळे फार. ईरा लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने विचारले, “आजी, गुहागरचं छत पण एवढंच मोठं आहे का?”

निखिल मोठ्याने हसला. मीही हसलो. हिने मात्र नातीला उचलून कडेवर घेतले. गुडघ्यांची आठवणसुद्धा तिला झाली नाही. माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले, की योग्य वेळ आली आहे. समुद्राला छत असते असे समजणारी नात! याहून मोठा पुरावा कोणता हवा? आज रात्रीच बोलायचे.

रात्री आत दिवे मंद होतात. ईरा तंबूत झोपली, निखिल तिच्याजवळ होता. आम्ही दोघे आणि मृणाल पाण्याजवळ बसलो. माझी वाक्ये तयार होती. बँकेत छत्तीस वर्षे काढलेला माणूस आहे मी. नकार कसा सांगावा आणि होकार कसा काढावा, दोन्ही येते. मी घसा साफ केला. तेवढ्यात मृणालच बोलली. आमच्याकडे न बघता.

“आई, मी इथे पहिल्यांदा आले ती एकटी. २०१५ च्या फेब्रुवारीत. इथला आमचा पहिला हिवाळा होता. निखिल कामासाठी सारखा बाहेरगावी. मला भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. महिनाभर ऊन म्हणून दिसलं नव्हतं. एक दिवस कचेरीत बरं नाही असं कळवलं आणि गाडीत बसले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथे वाळूत बसून होते. पोहले नाही, काही खाल्लंही नाही. नुसती बसले. रडले थोडी. घामात कुणाला कळत नाही. मग परत गेले.”

आमची ही काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “निखिलला सांगितलंस?”

“खूप नंतर.”

“आणि आम्हांला का नाही गं सांगितलंस? आपण तर दर रविवारी बोलायचो.”

मृणाल म्हणाली, “तुम्ही म्हणाला असतात, परत ये. माझी आईही तेच म्हणाली असती. आणि मी आले असते. मग निखिललाही यावं लागलं असतं, आणि आयुष्यभर माझ्या मनात राहिलं असतं, की माझ्यामुळे. म्हणून फोनवर मी कमीच बोलायला लागले. जास्त बोलले की आवाज फुटायचा. मग ती सवयच लागली.”

वाचकहो, छत्तीस वर्षांत जमवलेली माझी सगळी वाक्ये मी मुकाट्याने परत खिशात घातली. जे सांगायला आम्ही सात समुद्र ओलांडून आलो होतो, तेच ऐकावे लागू नये म्हणून ही मुलगी नऊ वर्षे गप्प होती. आणि आम्ही तिला थंड म्हणत होतो.

हिने सांत्वनाचे शब्द वगैरे काही काढले नाहीत. ती उठली, तंबूत गेली आणि पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. बर्लिनमध्ये तीन आठवडे ते तेल दगडासारखे गोठलेले होते. इथे पातळ झाले होते. “बस इकडे पुढ्यात,” ती म्हणाली. ज्या ठिकाणी माणसे खोटा समुद्र पाहायला येतात, तिथे त्या रात्री एक सासू सुनेच्या डोक्याला तेल लावीत बसली होती. मृणालचा आवाज मग हळूहळू सुटला. बारा वाजले तरी दोघींचे चालूच होते. मी झोपायला गेलो. काही सभांना अध्यक्षाची गरज नसते.

सकाळी न्याहारीच्या वेळी निखिलने मला छपराची एक बाजू दाखवली. दक्षिणेकडचा मोठा भाग पारदर्शक होता आणि त्यातून राखाडी उजेड आत येत होता. तो म्हणाला, “सुरुवातीला हे नव्हतं, बाबा. सगळं छत अपारदर्शक कापडाचं होतं. आत सव्वीस अंश ऊब होती, पाणी होतं, तरी झाडांना पुरेसा उजेड मिळेना. शेवटी २००५ मध्ये दक्षिणेकडचं आवरण काढलं आणि वीस हजार चौरस मीटर पारदर्शक आवरण बसवलं. तेव्हा कुठे झाडांना खरं ऊन मिळालं.”

मी वर पाहत राहिलो. लाखो घनमीटर हवा तापवून ठेवणे सोपे नव्हे, पण पैसा असला की ते होते. उजेडाचे तसे नाही. त्यासाठी बांधून झालेले छत पुन्हा उघडावे लागते. आमच्या घरात औषधे वेळेवर मिळत होती, खोल्या गरम होत्या, रविवारचे फोन चुकत नव्हते. कुणी कशात कमी पडत नव्हते. छत तेवढे बंद होते.

दुपारी आम्ही निघालो. मनगटावरच्या पट्ट्याचा हिशेब झाला. आकडा निखिलने मला पाहू दिला नाही, हे बरे केले. स्वेटर, शाल, कोट, कानटोपी, सगळे पुन्हा अंगावर चढले. बाहेर बर्फ पडत होते. गाडीत ही आणि मृणाल शेजारी बसल्या होत्या. मी समोर. ठरावाविषयी ही काही बोलली नाही, मीही नाही. घरी पोचल्यावर मात्र तिने निखिलला विचारले, “नवं घर कोणत्या मजल्यावर आहे रे? खिडक्या दक्षिणेला आहेत ना?”

मार्चमध्ये सह्या झाल्या. मला आनंद झाला असे म्हटले तर ते खोटे होईल. त्या रात्री मी बराच वेळ गच्चीत फेऱ्या घातल्या. मुले परत येणार नाहीत ही गोष्ट तेल लावल्याने बदलत नाही. पण आता रविवारचा फोन दहा मिनिटांत संपत नाही. आणि हिचा पहिला प्रश्नही बदलला आहे. पूर्वी ती विचारायची, “काय केलंस आज जेवायला?” आता विचारते, “आज किती आहे गं तिकडे?” आणि मृणाल खरे ते सांगते. आकडाही सांगते, आणि आकड्याच्या पलीकडचेही. येत्या मे महिन्यात ईरा गुहागरला येणार आहे. छत नसलेला समुद्र तिला दाखवायचा आहे. कावळेही.

यंदा हिने बर्लिनला आकाशकंदील पाठवला. घडीचा, साधा, कागदी. तो पोचला. दक्षिणेच्या खिडकीत तो लावणार आहेत. तिथे दिवाळीत संध्याकाळी पाचच्या आधीच अंधार पडतो, त्यामुळे आमच्यापेक्षा तो जास्त वेळ जळेल, असा हिशेब ईराने आजीला समजावून सांगितला.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुले दूर असतील. दिवाळीच्या दिवशी फोन येईल, फराळ झाला का, कपडे घेतले का, सगळे होईल. मग एक प्रश्न जास्तीचा विचारा: तिकडे थंडी वाजते का? आणि उत्तर येईपर्यंत “परत ये” म्हणू नका. जरा थांबा. उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो. आमच्या घरी नऊ वर्षे लागली.

दिवाळीच्या शुभेच्छा!